बाबांना बिबा उतत नव्हता

आमच्या घरात भिंतीपासून पाण्याच्या माठापर्यंत सगळ्याला बिब्याचा वास होता. वावर नव्हतं, नोकरी नव्हती. जंगलाकडून पोत्यांनी येणारे बिबे फोडायचे अन् आतली गोडंबी काढायची, एवढंच काम. बिबा म्हणजे काळं, चपटं, कडक सालीचं फळ. त्या सालीत तेल असतं, डांबरासारखं. ते कातडीवर पडलं की कातडी लाल होते, पेटते, मग पाण्यानं भरलेले फोड येतात. त्याला आमच्याकडे बिबा उतला म्हणतात. आतली पांढरी गोडंबी बाळंतिणीच्या लाडवांत जाते. मी पोटात असताना माय रोज गोडंबीच्या ढिगासमोर बसलेली असायची, पण माझ्या वेळच्या तिच्या लाडवांत एक गोडंबी नव्हती. व्यापारी पोतं तोलून द्यायचा अन् गोडंबी तोलून न्यायचा, त्यातून एक तोंडात टाकायचीही सोय नव्हती.

शिरपूर जैनहून वाशिमला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबायची. आम्ही चढलो की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसायचा. कपड्याला डाग लागेल, अंगाला तेल लागेल, ही भीती. शाळेत गुरुजी माझी वही दोन बोटांनी उचलायचे. परीट कपड्यावर खूण करायला बिबाच वापरायचे, कारण तो डाग धुण्यानं जात नाही. आम्ही तिघंही तशीच खूण केलेली माणसं होतो.

मी त्या घरातला पहिला पदवीधर. वाशिमच्या कॉलेजातून बी.ए. झालो. हे मी पुन्हापुन्हा सांगतो, अन् ज्याला ऐकून कंटाळा येतो त्यानं एकदा आमच्या ओट्यावर बसून एक पोतं फोडून पाहावं. पण ही गोष्ट माझ्या डिग्रीची नाही. बाबांच्या दुखण्याची आहे. ते दुखणं अशा जागी होतं की आमच्या बोलीत त्या जागेला घरात उच्चारता येईल असा शब्दच नाही. जे शब्द आहेत ते शिव्यांचे. पुस्तकातला जो शब्द आहे तो मायला कळणार नाही. या दोन शब्दांच्या मध्ये काहीच नाही, अन् त्या मोकळ्या जागेत आमचं घर काही वर्षं कुजत पडलं.

बिबे फोडणं हे खरं म्हणजे बायांचं काम. गल्लीतले बाप्ये हमालीला जायचे, ट्रॅक्टरवर जायचे. बाबा मात्र मायच्या शेजारी दगडासमोर बसायचे, हातात लाकडी मोगरी घेऊन. बाया हाताला राख चोळायच्या, तोंडाला फडकं बांधायच्या, तरी कुणाच्या पापण्या सुजायच्या, कुणाचं मनगट. बाबा राखही लावायचे नाहीत. काळ्या तेलानं माखलेले दोन्ही पंजे समोर धरून म्हणायचे, "मले बिबा उतत नाई." गल्लीतल्या बाया हसायच्या, म्हणायच्या, याची कातडी म्हशीची हाय. बाबांना ते फार आवडायचं. आमच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कुणाचं वावर, कुणाचा पोरगा पोलिसात, तसा आमच्या बाबांचा हात.

गल्लीत सगळे असं धरून चालायचे की ज्याच्या हाताला उतत नाही त्याच्या अंगालाच उतत नाही. मीही तेच धरून चाललो. कुणीच कधी तपासून पाहिलं नाही, कारण तपासण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा व्यापाऱ्यानं बाबांना जंगलाकडे न्यायला सुरुवात केली. पोती भरायची, जीपवर चढवायची, तिकडेच राहायचं, अन् माल पुरा झाला की परतायचं. पहिल्याच खेपेहून बाबा परतले ते पाय फाकून चालत. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर लोकांनी टर उडवली. एकजण म्हणाला, "काय गड्या, जीपीत बसून आला का जीपले मांडीत घेऊन आला?" बाबाही हसले. घरी येऊन मायला म्हणाले, घामानं मांड्या घासल्या, खाज सुटली.

मग बाबांनी एकट्यानं जे करायचं ते सुरू केलं. मला हे पुढं त्यांनीच तुकड्यातुकड्यानं सांगितलं. कडुनिंबाचा पाला उकळून त्या कढत पाण्यानं धुतलं. फोड टोचून पाणी काढलं. त्यावर हळद दाबली. मग मेडिकलवर जाऊन, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं पाहून, खाजेची ट्यूब मागितली. दुकानदारानं कुठं, काय, विचारलं नाही. ट्यूब लावली की तासाभरात थंडावा यायचा. म्हणून बाबा ती लावत राहिले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, तरी लावत राहिले. लघवीला आग व्हायची म्हणून पाणी प्यायचे नाहीत. उन्हाळ्यात, आमच्याकडच्या उन्हाळ्यात, घोट-घोट मोजून पाणी पिणारा माणूस मी पाहिला आहे.

शेवटी माय त्यांना बाजाराच्या गावातल्या एका डॉक्टराकडे घेऊन गेली. खाज मांडीलाच आहे असं तिला अजून वाटत होतं. डॉक्टरानं पडद्यामागं नेऊन पाहिलं, अन् बाहेर येऊन हात धुता धुता, माय समोर बसलेली असताना, बाबांना विचारलं, "बाहेर गेलते का कुठं?"

बाबा म्हणाले, "हो. जंगलाकडे."

त्यांना प्रश्न कळलाच नव्हता. मायला कळला.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं काही भांडण केलं नाही. तिनं बाबांची बाज उचलली अन् बाहेर छपरीत, शेळीच्या खुंट्याशेजारी टाकली. त्यांचा गिलास वेगळा केला, टॉवेल वेगळा केला. त्यांची लुंगी काडीनं उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. आपल्यालाही होईल, पोराला होईल, ही धास्ती तर होतीच, पण तिच्या तोंडावर जे होतं ते धास्तीच्या पलीकडचं होतं. मी सुटीत आलो तेव्हा बाज बाहेर पाहून विचारलं, तर म्हणाली, आत गरम होते त्यांना. थंडीतही बाज बाहेरच होती. बाबा एकदा तिला समजावायला आत आले, मी माझ्या कानांनी ऐकलं. माय मोगरी न थांबवता म्हणाली, "जिथून आनलं तिथंच नेऊन घाला."

त्या डॉक्टराच्या इंजेक्शनांनी थोडं बरं वाटायचं. पुढच्या हंगामात बाबा पुन्हा जंगलाकडे गेले, कारण तेच काम होतं, अन् पुन्हा तेच घेऊन आले. मायच्या हिशोबात ते एकच होतं. माणूस बाहेर जातो अन् रोग घेऊन येतो. एकदा पाय घसरला असता तर तिनं कदाचित गिळलं असतं. पण हा दर सालाला जातो, असं तिनं मनाशी धरलं. बाबांच्या हाताला काही नव्हतं. पोटाला नव्हतं, पाठीला नव्हतं. फक्त तिथंच होतं. मग दुसरं काय समजायचं?

मी मायला दोष देत नाही. बाबा एक वेळ मारझोड करणारे असते तर तिला गल्लीत चार जणींत बसून रडता आलं असतं. हे कुणाला सांगणार? ती गोडंबी निवडत बसायची अन् तिचे ओठ हलायचे. काय बोलायची ते कधी ऐकू आलं नाही. बाबा छपरीत बसून शेळीशी बोलायचे. मी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर. त्या वर्षांत आमच्या घरात भांडण झालं नाही, मोठ्यानं कुणी बोललं नाही. शेजारची बाई मायला म्हणायची, तुमच्या घरात किती शांती हाय व माय.

मी एकदा बाबांना म्हणालो, वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, "तू शिक. हे तुह्या पुस्तकातलं नाई." अन् तोंड फिरवलं. मला वाटलं, म्हणजे खरंच काही असेल. विचारायचं धाडस झालं नाही. बापाला असं कोण विचारतं?

बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आलो तेव्हा मायच्या पापण्या सुजून बंद झाल्या होत्या, बाबांना दुखण्यानं दगडासमोर बसवत नव्हतं, अन् व्यापाऱ्याची पोती पडून होती. मी तिच्या जागेवर बसलो. लहानपणी मला या कामाला हात लावू दिला नव्हता. पोराच्या हाताला डाग नको, एवढी एक चैन आमच्या घरात होती. मी हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. घामानं त्या निसटायच्या, मग काढून टाकल्या. फोडता फोडता उठलो, भिंतीमागं जाऊन लघवी केली, परत येऊन बसलो. आल्यावर हात धुतले. सगळेच येऊन हात धुतात. आधी कोण धुतं?

दुसऱ्या दिवशी खाज. त्याच्या दुसऱ्या दिवशी आग. न्हाणीत पाहिलं तर पुढची कातडी सुजून पाण्याच्या पिशवीसारखी लोंबत होती अन् तिच्यावर फोड. मी कुठंच गेलो नव्हतो. कुणाच्या हातालाही हात लावला नव्हता. तरी पहिला विचार आला तो हाच की बाबांचा रोग मला लागला, टॉवेलमधून, बादलीतून. माय बरोबर होती.

मग मी नीट पाहिलं. फोड कसेही पसरले नव्हते. वरच्या बाजूला एक मोठा लांबट चट्टा होता, अन् खालच्या बाजूला दोन बारीक, शेजारी शेजारी. मी माझा उजवा हात पुढं केला. लघवीला धरतो तसा धरला. अंगठा त्या मोठ्या चट्ट्यावर बसला. दोन बोटं त्या दोन चट्ट्यांवर बसली.

माझ्याच बोटांचे ठसे होते ते. बिबा उतला होता.

मी न्हाणीत उकिडवा बसून राहिलो. हसू आलं की रडू, आठवत नाही. आग इतकी होती की दोन्हींना जागा नव्हती.

वाशिमच्या सरकारी दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टर बाई होत्या. मी रांगेतून दोनदा परत फिरलो, शेवटी आत गेलो. त्यांनी माझे हात पाहिले, नखं पाहिली, अन् मी काही बोलायच्या आधी विचारलं की घरी बिबे फोडता का. मी बाबांचं सगळं सांगितलं. म्हणालो, पण बाबांच्या हाताला उतत नाही. त्या म्हणाल्या, तळहाताची कातडी जाड असते, त्यात घट्टे पडलेले, तिथं तेल आत शिरत नाही. तोच हात जिथं लागतो तिथली कातडी पापणीसारखी पातळ. आणि वर्षानुवर्षं काही होत नाही, मग एखाद्या वर्षी अंग ते सहन करायचं सोडतं. त्यात जंगलातल्या ताज्या बिब्याला तेल जास्त, अन् तिथं हात धुवायला पाणीही नसतं. त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला त्यांचा राग आला. आमच्या घराचं वाटोळं झालं होतं अन् कारण एका वाक्यात मावत होतं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मले बिबा उतत नाई."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले, जसे गल्लीसमोर धरायचे तसे. त्या पंज्यांवर खरंच काही नव्हतं. माणसाजवळ एकच मोठेपण असतं अन् तेच सोडायला सांगितलं तर तो काय करणार?

मग मी त्यांना न्हाणीत नेलं अन् स्वतःचं दाखवलं. आमच्या लोकांत पोरगा मोठा झाला की बाप त्याला उघडा पाहत नाही. बाबा आधी भिंतीकडे पाहत राहिले. मी म्हटलं, बाबा, पाहा. त्यांनी पाहिलं. वाकून पाहिलं. मग स्वतःचा अंगठा अन् दोन बोटं हवेत तशी धरली, जरा वेळ तशीच ठेवली.

"बोटं हायेत," ते म्हणाले.

मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते खाली दगडावर बसले. म्हणाले, "तुह्या मायले कोन सांगन?"

आधी अंग बरं करू, मग सांगू, असं मी ठरवलं. डॉक्टर बाईंकडे बाबांना नेलं. त्यांनी ती ट्यूब कचऱ्यात टाकायला लावली. त्या ट्यूबमध्ये एक औषध असं असतं की आधी आराम देतं अन् मग कातडी खाऊन टाकतं, असं म्हणाल्या. सगळं बंद. कडुनिंब बंद, हळद बंद, कढत पाणी बंद, साबण बंद. गार, साधं पाणी. फोड फोडायचा नाही, त्याचं त्याला बसू द्यायचं. पुसताना घासायचं नाही, मऊ कापड टेकवायचं अन् उचलायचं. त्यांनी लिहून दिलेलं मलम पातळ लावायचं, त्यावर साधं व्हॅसलीन, म्हणजे कातडी कातडीला चिकटणार नाही. सैल धोतर, बाकी काही घालायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं, लघवी करताना वरून गार पाणी सोडायचं म्हणजे आग कमी होते. लघवी अडली किंवा ताप आला तर थांबायचं नाही, सरळ यायचं. अन् बिब्याचा हात नुसत्या पाण्यानं निघत नाही. आधी खोबरेल चोळून पुसायचा, मग साबण, अन् हे सगळं लघवीला जायच्या आधी.

सांगायला सोपं आहे. बाबांचे हात कापायचे, अन् वाकून त्यांना दिसायचंही नाही. मायनं हात लावला नसता. म्हणून ते मी केलं. छपरीला जुनं लुगडं आडवं बांधून सकाळी अन् दुपारी, प्लॅस्टिकच्या टोपल्यात गार पाणी घेऊन. पहिल्यांदा बाबांनी डोळ्यांवर हात आडवा ठेवला. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही, फक्त जखमेकडे पाहिलं. कातडी जागोजागी सोललेली, कडेला पांढुरकी, घडीत चिरा पडलेल्या. मायच्या धुवून धुवून मऊ झालेल्या लुगड्याचे तुकडे मी टेकवायचो. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. त्यातलं एक अक्षर इथं कामाचं नव्हतं, पण शिकलेल्या माणसाला एक सवय लागते. सांगितलेलं जसंच्या तसं करायचं, स्वतःची भर घालायची नाही. ती सवय कामाला आली.

ट्यूब बंद झाल्यावर मात्र सगळं उलटं झालं. आग दुपटीनं वाढली, लाली मांड्यांवर उतरली, पाणी झरू लागलं. डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, पण सांगितलेलं अन् सोसलेलं वेगळं. बाबा बाज चावायचे. एके दुपारी मला म्हणाले, "तुह्यं शिक्षन मले जाळून राह्यलं." मी उठून गेलो नाही. पण त्या दिवशी मलाही वाटलं की आपण चुकलो, हे बरं होणार नाही, अन् माय आतून पाहते आहे. ती खरंच पाहत होती. लुगड्याच्या फटीतून तिला एवढंच दिसत होतं की रोग वाढतो आहे.

हळूहळू उतरलं. चिरा भरल्या. पण एवढ्या वर्षांच्या सुजेनं पुढची कातडी आवळून घट्ट झाली होती, लघवीची धार बारीक झाली होती. तिथं एक लहान ऑपरेशन करावं लागलं. कातडी बरी झाली, तरी बाबा छपरीतच होते. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते अजून तसंच पडलं होतं.

मी मायला सांगितलं. ती दगडासमोर बसली होती, मी शेजारी बसलो अन् बोललो, तो शब्द टाळून. जागा म्हणालो, अंग म्हणालो. ती मोगरी मारत राहिली. मग म्हणाली, "शिकला अन् उतला. आता बापाची वकिली करून राह्यला."

आमच्याकडे उतणं म्हणजे तिन्ही. दूध उततं, बिबा उततो, अन् शिकलेला पोरगा उततो. मी चिडून म्हणालो, माय, मलेही झालं होतं, तसंच, तिथंच.

मोगरी थांबली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात विसरणार नाही.

"तू बी गेलता?"

माझा पुरावा तिनं एका श्वासात उलटा केला. आता तिच्या घरात दोन झाले होते. पदवी, दवाखाना, डॉक्टर बाईंचं वाक्य, सगळं तिच्यासमोर मातीमोल. ती रडली असती तरी बरं वाटलं असतं. तिनं पुढचा बिबा दगडावर ठेवला.

बाबा छपरीतून ऐकत होते. ते उठून आत आले. किती दिवसांनी त्यांनी तो उंबरा ओलांडला होता. सदऱ्याची बाही वर केली, दंडाच्या आतली गोरी बाजू, जिथं कधी ऊन लागलं नव्हतं, ती तिच्यासमोर धरली. म्हणाले, "अठी लाव. तुह्या हातानं लाव."

मी नको म्हटलं. डॉक्टर बाईंना कळलं असतं तर त्यांनी आम्हाला हाकलून दिलं असतं, अन् बरोबरच केलं असतं. हे कुणी करू नये. पण तो प्रश्न डॉक्टरांचा राहिला नव्हता. मायनं मोगरी खाली ठेवली. मग तिनं सुई घेतली, एका बिब्यात टोचली, अन् त्या काळ्या टोकानं बाबांच्या दंडावर एक ठिपका लावला. पायात काटा मोडला की लावतात तसा. जरा वेळानं तिनंच खोबरेलानं तो पुसून काढला. अन् आपल्या कामाला लागली.

त्यानंतर बाबा बाहेर बाजेवर बाही वर करून बसले. आयुष्यभर ज्यानं सांगितलं की मला बिबा उतत नाही, तो माणूस आता आपल्या दंडाकडे पाहत होता की उतू दे. पहिल्या दिवशी काही आलं नाही. डाग फिका, कातडी साधी. मी सारखा जाऊन पाहायचो. बाबा दंड पुढं करायचे. माय एकदाही आली नाही. मला वाटलं, नाही उतलं तर काय? तिचं खरं होईल, कायमचं. अन् बाबांनी स्वतःच्या हातानं ते तिला देऊन टाकलं असेल.

दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती लाल कडं आलं. दुपारपर्यंत ते सुजलं. सांजेला त्याच्या मधोमध पाण्याचा फोड टरटरून उभा राहिला, अगदी तसाच.

बाबांनी हाक मारली नाही. ते उठून आत गेले अन् दंड मायसमोर धरून उभे राहिले. तिनं पाहिलं. बोटानं कडेला दाबून पाहिलं. मग म्हणाली, "उतला."

बाबा म्हणाले, "हो."

एवढंच बोलणं झालं. तिनं खोबरेल घेतलं अन् त्यांच्या दंडाला, फोडाला धक्का न लावता, कडेकडेनं लावलं. तिचा हात त्यांच्या अंगाला लागला तो किती काळानं, ते दोघांनाच माहीत. तिनं माफी मागितली नाही, त्यांनी तिची वाटही पाहिली नाही. गेलेली वर्षं कुणी परत आणून दिली नाहीत. बाबा त्यानंतर कधी पंजे पुढं करून बोलले नाहीत, गल्लीतल्या बायांनी म्हशीची कातडी म्हटलं तरी नुसते मान हलवायचे. मला अजूनही त्या घरातली शांतता आठवली की जेवण जात नाही. माय आता जास्त बोलते, पण कधी कधी मध्येच थांबते अन् बाबांच्या दंडाकडे पाहते. तिथं अजून एक काळसर ठिपका आहे.

मी नोकरीला लागलो, तेव्हापासून आमच्या घरात बिबे फोडणं बंद आहे. आमच्या जुन्या गल्लीत जे थोडे बाप्ये आता फोडायला बसतात त्यांना मी तो शब्द तोंड भरून उच्चारून सांगतो, शिवीतला असला तरी, की आधी खोबरेल, मग साबण, मग लघवी. काही हसतात. काही ऐकतात.

बाज मात्र दंडावर फोड आला त्याच सांजेला आत आली. मायनं एक बाजू धरली, मी दुसरी. तेव्हापासून बाबांची बाज घरात आहे.